एका जुन्या सुरीच्या चार नकला : प्रकल्प नोंदी

काम असे: रोजच्या वापरातली, झिजलेली एक जुनी पोलादी सुरी नमुना म्हणून घ्यायची आणि तशाच चार नव्या करायच्या. पाते १३६ मिमी, मूठ १०६ मिमी, एकूण २४२ मिमी. हाताशी असलेली अवजारे: ४ इंची अँगल ग्राइंडर, १ × ३० इंची छोटा बेल्ट ग्राइंडर, बेंच ड्रिल, व्हाइस, कानशी आणि ३ किलोवॉटची विजेची छोटी भट्टी. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांवर बंधने आहेत आणि घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. ही सुरी त्या मापांच्या पुष्कळ आत बसते.

४ जानेवारी २०२५, शनिवार. मूळ सुरीची मापे

जुनी सुरी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली की नक्कल झाली, असे समजून बहुतेक जण सुरुवात करतात. तसे केले तर झिजेची नक्कल होते. म्हणून आधी किती झिजले ते मोजले. सुरी सपाट काचेवर धारेवर उभी धरली आणि मागे टॉर्च लावला. टाच (धारेचा मुठीकडचा कोपरा) आणि मधला फुगीर भाग यांच्यामध्ये उजेड दिसतो, तिथे १.१ मिमीचे फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पाने) आत जाते. म्हणजे धारेत खळगा पडला आहे. अशी सुरी पाटावर कांदा पूर्ण कापत नाही, खालच्या साली एकमेकींना जोडलेल्या राहतात.

टाचेजवळचा शेवटचा ५-६ मिमी भाग निसण्याला सहसा लागत नाही. तिथली उंची ३३ मिमी, तर त्याच्यापुढे १५ मिमीवर ३०.८. मूळ उंचीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच कोपरा आहे. तो धरून नवी रेषा काढायची.

जाडी मायक्रोमीटरने तीन रेषांवर घेतली. टाचेपासून १० मिमीवर (रेषा क) पाठीची जाडी २.५, ७० मिमीवर (रेषा ख) २.०, ११७ मिमीवर (रेषा ग) १.३ मिमी. मुठीतला भाग २.९. पाठ टोकाकडे अशी पातळ होत जाणे, हेच या सुरीचे मर्म. बाजारातल्या पत्र्यातून कापलेल्या सुऱ्यांची पाठ टोकापर्यंत एकाच जाडीची असते, त्यामुळे टोकाकडचा भाग छिन्नीसारखा जाड राहतो आणि कांद्यात घुसताना तो फाडतो.

धारेच्या लगेच मागची जाडी ०.४ मिमी भरली. हे मापही जसेच्या तसे घ्यायचे नाही. पाते म्हणजे पाचर आहे. धार लावताना दरवेळी आपण पाचरीत वर वर सरकतो आणि धार जाड होत जाते. दोन-सव्वादोन मिमी झीज उलटी मोजली तर मूळ जाडी ०.२५ च्या आसपास येते. नव्या सुऱ्यांसाठी तेच माप.

वजन ११६ ग्रॅम. तोल टाचेच्या मागे १२ मिमीवर, म्हणजे मुठीच्या तोंडाशी, जिथे चिमूट बसते.

५ जानेवारी, रविवार. आराखडा आणि पट्टी

ग्राफ पेपरवर नवी धाररेषा काढायला बांबूची पातळ कामटी वापरली. टाच, मध्य आणि टोक या तीन ठिकाणी खिळे लावून कामटी वाकवली की वाक सलग येतो. मोकळ्या हाताने काढलेल्या रेषेत हमखास एक सपाट जागा राहते आणि ती पुढे पाटावर जाणवते.

पोलाद: ओएचएनएस, म्हणजे तेलात कठीण होणारे आणि आकार फारसा न बदलणारे हत्यारी पोलाद (अमेरिकी प्रतीनुसार ओ-वन). कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास, सोबत मँगेनीज आणि थोडे क्रोमियम, टंगस्टन. गाडीच्या पाट्याचे पोलाद स्वस्त पडते, पण एका पाट्याचे दुसऱ्याशी जुळेलच असे नाही, आणि वापरलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. चार सुऱ्या सारख्या हव्या असतील तर पोलाद एकाच गठ्ठ्यातले हवे.

घासून सपाट केलेल्या ३ × ४० × ५०० मिमीच्या तीन पट्ट्या आणल्या. एका पट्टीतून २४५ मिमीचे दोन तुकडे निघतात, सुमारे ८ मिमीची चिपटी उरते. सहा तुकड्यांपैकी चार सुऱ्यांसाठी, दोन साच्यांसाठी. तीन चिपट्या भट्टीच्या चाचणीसाठी राखल्या. कापताना १ मिमीची डिस्क वापरली आणि दर १० सेकंदांनी थांबलो. कड निळी पडली तर ती जागा थंड होताना कठीण होऊ शकते आणि पुढे कानस तिथे घसरते.

११ जानेवारी, शनिवार. साचे

एकावर एक ठेवलेल्या पात्यांची कड घासताना साचा मऊ असेल तर साचाही घासला जातो. मऊ साच्यावरची तिसरी नक्कल पहिलीपेक्षा अर्धा मिमी लहान निघाली तर नवल नाही. म्हणून साचे सुरीच्याच पोलादाचे, पण पाणी दिलेले (तापवून एकदम थंड करून कठीण केलेले), आणि एक नव्हे दोन: गठ्ठ्याच्या खाली एक, वर एक. एकच साचा ठेवला तर १२ मिमी जाडीच्या गठ्ठ्याची दुसरी बाजू हळूहळू तिरकी होते.

सगळ्या नकलांचा पाया दोन भोके आहेत. मुठीतल्या भागात, मुठीच्या तोंडापासून २० आणि ८५ मिमीवर, ५ मिमी व्यासाची. साचा, गठ्ठा, धारेची जिग (पाते आणि कोन पक्के धरणारी बैठक) आणि शेवटी मुठीच्या पितळी पिना, सगळे याच भोकांवर बसते. पद्धत: सहाही तुकडे एकत्र क्लँप केले, पॉपपंच मारला, ४.८ मिमीचे ड्रिल सुमारे ९५० फेऱ्यांवर, दर ३ मिमीला बाहेर काढून कीस झटकला, तेल दिले. मग ५ मिमीचा रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) ३०० फेऱ्यांवर. पहिले भोक झाले की त्यात ५ मिमीची डॉवेल पिन घालूनच दुसरे पाडायचे. पिन न घालता पाडले तर गठ्ठा केसभर फिरतो आणि सहा तुकड्यांची भोके पुन्हा कधी जुळत नाहीत.

दोन तुकड्यांवर आराखडा चिकटवून साच्यांची कड आधी डिस्कने १ मिमी राखून, मग बेल्टने, शेवटी स्मूथ कानशीने रेषेपर्यंत आणली. काचेवर धारेची बाजू उभी करून पुन्हा टॉर्च: उजेड सलग सरकला पाहिजे. याला पूर्ण दुपार गेली. साच्यातली चूक चार वेळा छापली जाते, त्यामुळे इथे घाई परवडत नाही.

१२ जानेवारी, रविवार. भट्टीची परीक्षा, साच्यांना पाणी

लोहारी भाषेत पाणी देणे म्हणतात, पण या पोलादाला पाणी चालत नाही, तडकते. तेलच हवे.

आधी भट्टीचा मीटर तपासला. साधे मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळते आणि आपल्याला हवे असलेले तापमान ८०० आहे. स्टीलच्या छोट्या झाकणात चिमूटभर मीठ थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाशेजारी ठेवून तापमान मिनिटाला ३ अंशांनी वाढवले. मीटरवर ८१२ असताना मीठ वितळले. म्हणजे मीटर ११ अंश जास्त दाखवतो. खऱ्या ८०० साठी ८११ लावायचे. मिठाची वाफ कॉइल खाते, त्यामुळे ही परीक्षा एकदाच करायची आणि झाकण लगेच बाहेर काढायचे. भट्टीत चिमटा घालण्यापूर्वी दरवेळी मेन स्विच बंद: कॉइल उघडी आहे आणि तिच्यात २३० व्होल्ट खेळतात.

चुंबक चिकटेनासे झाले की तेलात टाका, हा सल्ला या पोलादाला पुरत नाही. चुंबक ७७० अंशांच्या सुमाराला सोडते, पण पोलादातले कार्बाइड (कार्बनचे कठीण कण) विरघळायला ८०० वर थोडा वेळ लागतो. तीन चिपट्यांवर तेच तपासले:

पहिली, ७७० अंश, ४ मिनिटे: कानस घसरते, पण कोपऱ्यावर चावते. अर्धवट.
दुसरी, ८०० अंश, १२ मिनिटे: कानस काचेवरून जावी तशी घसरते. फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये मोडली. आतला पोत राखाडी, मखमलीसारखा.
तिसरी, ८७० अंश, २० मिनिटे: हीही कठीण, पण मोडलेल्या जागी साखरेसारखी चमकती रवाळ कणी. अशी धार तुकड्यांनी उडते.

कानशीच्या परीक्षेत दुसरी आणि तिसरी सारख्याच पास होतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोडून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

तेल: रिफाइंड सोयाबीन, ७ लिटर, १८० मिमी व्यासाच्या ३५० मिमी उंच लोखंडी डब्यात. तेलाची खोली २७५ मिमी, वर ७५ मिमी मोकळे. डब्याला घट्ट बसणारे लोखंडी झाकण. पेट घेतला तर झाकण टाकायचे. जवळ कोरड्या वाळूची बादली, पाण्याचा थेंबही नाही: तापलेल्या तेलात पाणी पडले की तेल उसळून बाहेर येते. जानेवारीच्या सकाळी तेल १५ अंशांना होते. गार तेल दाट असते, पात्यावरची वाफ लवकर सोडवत नाही. एक जाड लोखंडी सळई तापवून त्यात बुडवली आणि तेल ५५ वर आणले.

दोन्ही साचे भोकातून तार ओवून, एकेक करून ८०० वर १२ मिनिटे, मग तेलात. नंतर १५० अंशांवर दोन तास टेम्पर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताने तापवणे). साच्याला जितका कठीण ठेवता येईल तितका ठेवायचा; त्याने काही कापायचे नाही. भोकांतली काजळी सळईला गुंडाळलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढली, डॉवेल पिना पुन्हा बसल्या.

१८ जानेवारी, शनिवार. चार पाती एकत्र

साचा, चार तुकडे, साचा. दोन डॉवेल पिना, दोन सी-क्लँप. डिस्कने रेषेबाहेर १ मिमी राखून जादा भाग कापला, मग ३६ नंबरचा बेल्ट. साच्यांच्या कडेला मार्किंगची निळाई लावली होती. दोन्ही बाजूंची निळाई एकाच वेळी पुसट होऊ लागली की थांबायचे. शेवटचे दोन दशांश कानशीने, आणि कानस जुनी: कठीण साच्यावर दोनदा घासली की नवी कानस बोथट होते.

मुठीतल्या भागात ८ मिमीची तीन जादा भोके पाडली. वजन कमी करायला, आणि शेवटी गोंद आरपार जाऊन दोन्ही बाजूंची लाकडे एकमेकांना धरावीत म्हणून. पात्यांवर मुठीत लपणाऱ्या जागी १ ते ४ आकडे पंच केले. इथून पुढच्या सगळ्या नोंदी आकड्यांनी.

१९ जानेवारी, रविवार. पाठीचा उतार

बाह्य आकार सारखा झाला, पण अजून चारही पाती ३ मिमीच्या पट्ट्याच आहेत. आता खरी नक्कल.

१ मिमीच्या पत्र्याच्या तुकड्यात तीन खाचा घातल्या: २.५, २.० आणि १.३ मिमी, फीलर गेजच्या पानांवर बेतून. प्रत्येक खाचेशेजारी ०.१ कमी मापाची दुसरी खाच. पहिली पाठीवर बसली पाहिजे, दुसरी बसता कामा नये. मायक्रोमीटर प्रत्येक वेळी उचलण्यापेक्षा हे गेज हातात धरून काम झपाट्याने होते आणि चार पात्यांत फरक पडत नाही.

पाठीवर क, ख, ग रेषा आखल्या. पाते जिगच्या फळीवर दोन पिनांत बसवून कानस आडवी धरून ओढली. एका बाजूचे दहा हात, मग पाते उलटे, दुसऱ्या बाजूचे दहा हात. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर मध्यरेषा सरकते आणि तापवल्यावर पाते वाकते. पाठीवर व्हर्नियरच्या टोकाने मध्यरेषा ओरखडून ठेवली होती. दोन्हीकडे तेवढेच अंतर राहते का ते पाहत गेलो. एका पात्याला पाऊण तास.

२५ जानेवारी, शनिवार. धारेकडचा उतार

जिग: १८ मिमी प्लायवूडची फळी, समोर पात्याची जागा, मागे ४०० मिमीवर उभा आटा (पूर्ण लांबीवर पेच असलेला दांडा) आणि त्यावर वरखाली होणारा आयबोल्ट (डोक्याला कडे असलेला बोल्ट). कानस एका ८ मिमी सळईला बांधलेली, सळई आयबोल्टमधून जाते. कानस कुठेही सरकवली तरी कोन तोच राहतो. साठ मिमी बाजूला सरकल्यावरही अंतर ४०० चे ४०४.५ होते, म्हणजे फरक जवळपास एका टक्क्याचा.

कोनाचा हिशोब: टाचेशी पाठीची अर्धी जाडी १.२५, भट्टीपूर्वी धारेची अर्धी जाडी ०.३ ठेवायची. उरले ०.९५ मिमी, ३३ मिमी उंचीत. ०.९५ भागिले ३३ म्हणजे ०.०२८८, गुणिले ४०० म्हणजे ११.५ मिमी. आयबोल्टचे केंद्र पात्याच्या पाठीपेक्षा तेवढे वर, अधिक कानस आणि सळई यांच्या मधले अंतर. रेषा ख वर उंची २८, अर्धी जाडी १.०: हिशोब १० मिमीचा येतो. ग वर उंची १४, अर्धी जाडी ०.६५: तिथेही १० च. पाठ आधी पातळ केल्याचा फायदा इथे दिसतो. उंची घटते तशी जाडीही घटते आणि जवळपास एकच कोन टोकापर्यंत पुरतो. टाचेकडच्या ४० मिमीला ११.५, पुढे १०, आणि दोन्हींचा सांधा शेवटी पॉलिश पेपरने मोडला.

आधी बास्टर्ड (भरड) कानस, मग स्मूथ. कानशीत खडू घासला की कीस अडकत नाही. अडकलेला एक कणसुद्धा खोल ओरखडा पाडतो आणि तो काढायला ०.१ मिमी धातू जातो. धारेच्या कडेवर मध्यरेषेशेजारी ०.३ अंतरावर दोन रेषा ओरखडल्या होत्या, तिथे थांबलो. भट्टीपूर्वी धार ०.६ पेक्षा पातळ केली तर ती तेलात लाटेसारखी वळते, आणि वरचा कार्बन जळालेला थर काढायला धातूच उरत नाही.

पाते ३ ची डावी बाजू ०.१५ मिमी जाड राहिली. वेळ संपली होती, भट्टीनंतर जुळवू असे ठरवले. हा निर्णय चुकीचा होता. १ फेब्रुवारीची नोंद पाहा.

२६ जानेवारी, रविवार

चारही पाती २२० पर्यंत पेपरने लांबीच्या दिशेने घासली. आडवे ओरखडे राहिले तर तडा तिथूनच सुरू होतो. भोकांच्या कडा मोठ्या ड्रिलने हाताने मोडल्या, पाठीचे कोपरे गोल केले. पाती ॲसिटोनने पुसून ठेवली.

१ फेब्रुवारी, शनिवार. पाण्याचा दिवस

भट्टीत मागच्या बाजूला लोणारी कोळशाचा सुपारीएवढा तुकडा ठेवला. आतला थोडा प्राणवायू तो खातो आणि पपडी कमी धरते. एका वेळी एकच पाते, टोक आतल्या बाजूला, पाठ खाली. पात्याचा आणि भिंतीचा रंग एकसारखा दिसला की घड्याळ सुरू, १२ मिनिटे.

बाहेर काढणे ते तेलात बुडणे यात ३ सेकंदांहून जास्त नको. टोक खाली धरून सरळ आत, मग फक्त वरखाली हलवायचे. डावी-उजवीकडे हलवले तर एक बाजू आधी थंड होऊन पाते वाकते. दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढून जाड चामडी हातमोज्यात सरळ आहे का पाहिले. या वेळी पाते दोनशे अंशांच्या वर असते आणि अजून पूर्ण कठीण झालेले नसते. बारीक वाक हाताने काढायला हीच काही सेकंदांची संधी. नंतर जोर दिला तर काचेसारखे तुटेल.

दर पात्यामागे तेल ४-५ अंश चढते. ५५ वर सुरू केले, दुसऱ्यानंतर ६४ झाले. तिसऱ्याआधी अर्धा तास थांबलो.

१ आणि २: सरळ, कानस घसरते.
३: डावीकडे १.२ मिमी वाकले. जाड राहिलेली बाजू डावीच. पातळ बाजू आधी थंड आणि कठीण झाली, जाड बाजू मागून, आणि पाते तिकडे ओढले गेले. २५ तारखेला पंधरा मिनिटे जास्त दिली असती तर टळले असते.
४: टोकाकडे कठीण, टाचेपासून १५ मिमीपर्यंत कानस चावते.

पाती हाताला सोसवतील इतकी निवली की लगेच २०० अंशांवर टेम्परला. रात्रभर तशीच ठेवली तर नुसती पडूनही तडकू शकतात. चौथे बाजूला ठेवले.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला टेम्पर दोन तास झाला होता. घासलेल्या जागी फिका गवती पिवळा रंग, तो बरोबर.

पाते ३ साठी: २० मिमी चौरस लोखंडी पट्टीवर वाकाची पोकळ बाजू खाली, दोन टोकांखाली २ मिमीचे तुकडे, मध्ये सी-क्लँप. सरळ रेषेच्या पलीकडे दीड मिमी उलटा वाक दिला आणि तसेच क्लँपसकट २०० अंशांवर दुसरे दोन तास. थंड झाल्यावर सोडले, काचेवर ०.२ मिमी उरले. तेवढे घासताना निघेल. क्लँप गार पात्याला एकदम आवळू नये. भट्टी दीडशेला पोचल्यावर बाहेर काढून पाव-पाव फेरीने आवळला.

पाते ४ चे कारण शोधले. दुसरा थर्मोकपल दरवाज्याशी धरला तर पहिल्या ४० मिमीत तापमान ३५ अंशांनी कमी. चौथे पाते ठेवताना स्टँड पुढे सरकला होता आणि टाच त्या थंड पट्ट्यात आली. दरवाज्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या हलक्या विटेचा तुकडा बसवला, स्टँडला मागे अडण बसवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाते ४ पुन्हा. कठीण झालेले पोलाद सरळ दुसऱ्यांदा तापवले तर तडकण्याचा आणि कणी मोठी होण्याचा धोका असतो. म्हणून आधी ६८० अंशांवर एक तास, भट्टीतच थंड. नंतर ८०० वर १२ मिनिटे, तेल ५५, टेम्पर २०० अंशांवर दोनदा दोन तास. आता टाचेपासून टोकापर्यंत कानस सारखी घसरते.

दुसऱ्या चिपटीचा तुकडा याच टेम्परमध्ये ठेवला होता. तो रॉकवेल मशीनवर (कठीणपणा मोजणारे यंत्र) तपासून आणला: ६०. सुरीवर थेट तपासणी केली नाही; हिऱ्याच्या टोकाचा ठसा राहतो.

९ फेब्रुवारी, रविवार. भट्टीनंतरचे घासकाम

आता कानस चालत नाही. नवा १२० चा बेल्ट, उघड्या हातांनी, दर दोन हातांनंतर पाण्यात. हातमोजे नकोत: बोटांना चटका बसतो तेव्हा पाते ६०-७० अंशांवर असते, तोच इशारा. मोजे घातले तर तो इशारा मिळत नाही आणि धारेवर निळा रंग दिसेपर्यंत उशीर होतो. निळी पडलेली धार पुन्हा घासून काही होत नाही. तेवढा भाग काढूनच टाकावा लागतो. बोथट बेल्ट कापण्यापेक्षा जास्त तापवतो. चार पात्यांना तीन बेल्ट लागले. मास्क आणि चष्मा पूर्ण वेळ.

धारेमागे मायक्रोमीटर: १ ला ०.२५, २ ला ०.२६, ३ ला ०.२८, ४ ला ०.२५. मग सपाट पट्टीला गुंडाळून पॉलिश पेपर २२०, ४००, ६००, थोडे तेल लावून.

१५ फेब्रुवारी, शनिवार. मुठी

शिसवीच्या ८ मिमी जाड फळ्या, एका फळकुटातून आठ, जोडीजोडीने उलगडलेल्या. पितळी ५ मिमी सळई आणि बेल्ट पुण्याच्या बोहरी आळीतून. शिसवीची भुकटी घशाला आणि कातडीला त्रास देते, मास्कशिवाय घासू नये.

फळीची समोरची कड चिकटवण्याआधीच पूर्ण गोल करून ६०० पर्यंत घासायची. नंतर तिथे हात जात नाही आणि पात्यावर ओरखडे येतात. दोन्ही फळ्या पिनांवर एकत्र धरून ही कड एकदमच घासली, म्हणजे दोन्हीकडे सारखी येते.

चिकटवणे: पोलाद ६० नंबरने खरवडले, पोलाद आणि लाकूड दोन्ही ॲसिटोनने पुसले. सावकाश धरणारे दोन भागांचे इपॉक्सी, समान मापाने. पाच मिनिटांत धरणारे ओलाव्यात सुटते, मुठीला नको. क्लँप हलकाच: करकचून आवळला की गोंद बाहेर पिळून निघतो आणि कोरडा सांधा उरतो. समोर ओघळलेला गोंद ॲसिटोनच्या काडीने तेव्हाच काढला.

१६ फेब्रुवारी

रात्री थंडी होती, सकाळी गोंद नखाला अजून दबत होता. क्लँपसकट दुपारपर्यंत उन्हात ठेवले. घासकाम पुढच्या आठवड्यात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुठीला आकार. पात्याला कापडी टेप गुंडाळून व्हाइसमध्ये. मूठ मध्ये १८ मिमी, पुढे १६, मागे १९. जाड पुठ्ठ्याचे अर्धगोल गेज कापून चारही मुठींवर लावले. पितळी पिना बेल्टवर तापतात आणि आजूबाजूचा गोंद मऊ होतो, म्हणून पिनांची डोकी कानशीने. जवसाच्या कच्च्या तेलाचा पहिला हात. अर्ध्या तासाने पुसले, उद्या आणि परवा आणखी एकेक. तेलाचे फडके गोळा करून टाकू नये, आपोआप तापून पेटते. दोरीवर पसरून वाळवले.

वजने: १२१, १२३, १२२, ११९ ग्रॅम. तोल सगळ्यांचा टाचेमागे ११ ते १३ मिमीत.

२३ फेब्रुवारी, रविवार. धार

दगड ४००, १०००, ३०००. प्रत्येक बाजूला १५ अंश. कोन अंदाजाने धरण्यापेक्षा पाठ दगडापासून किती वर ते मोजावे: उंची ३३ गुणिले ०.२६ म्हणजे साडेआठ मिमी. त्या जाडीचा लाकडी ठोकळा शेजारी ठेवून दर काही हातांनी ताडून पाहिले. पूर्ण लांबीवर बर (धारेवर उलटणारी बारीक कड) चढली की बाजू बदलायची. ३००० नंतर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिश, दहा-दहा हात.

पितळी सळईची परीक्षा: ६ मिमीची सळई व्हाइसमध्ये आडवी, धार तिच्यावर १५ अंशांनी टेकवून हलका दाब देत ओढायची. धार किंचित झुकते आणि परत येते, हे उजेडात दिसते. झुकून तशीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर फार कठीण. १, २ आणि ४ पास. ३ ला टोकाकडे केसाएवढा तुकडा उडाला. बेल्टवर जाडी जुळवताना टोकाकडचे पोलाद जास्त गेले होते. तिथे जाडी ०.१८ भरली. अर्धा मिमी मागे घेऊन, १८ अंशांनी पुन्हा धार लावली; दुसऱ्यांदा पास.

पिकलेला टोमॅटो फक्त सुरीच्या वजनाने कापला गेला. कांदा पाटावर शेवटच्या सालीपर्यंत सुटतो, साली जोडलेल्या राहत नाहीत. मूळ सुरीच्या धारेतला खळगा साच्यात उतरला नाही, याची ही खात्री.

९ मार्च, रविवार. दोन आठवड्यांच्या वापरानंतर

रोजच्या भाजीला चारही वापरात. लिंबू, चिंच, कोकम, कांदा यांनी पाते राखाडी-निळसर पडते. तो थर राहू द्यायचा, गंजापासून थोडे संरक्षण होते. नारिंगी ठिपका दिसला तर तो मात्र गंज, राखेने लगेच काढायचा. काम झाले की धुऊन कोरडी पुसायची, ओल्या ताटात ठेवायची नाही. नारळ आणि हाडांवर मारू नये: ६० च्या कठीणपणाची पातळ धार तिथे तुटते.

१ आणि २ अजून दगडावर गेल्या नाहीत, पट्ट्यावर दोनदा. ३ चे टोक ठीक. ४ च्या मुठीला मागच्या पिनेशी केसाएवढी फट दिसते. तिथे फळी पोलादावर सपाट बसली नव्हती. पातळ गोंद सोडून भरली. पुढच्या खेपेला चिकटवण्याआधी फळ्यांची आतली बाजू काचेवर पेपर ठेवून सपाट करायची आणि मध्ये किंचित पोकळ ठेवायची, म्हणजे कडा घट्ट बसतात.

साचे, तीन खाचांचे गेज आणि पुठ्ठ्याचे अर्धगोल एका डब्यात, तेल लावून. डब्याच्या झाकणावर: मीटर ८११, १२ मिनिटे, तेल ५५, टेम्पर २०० दोनदा. आयबोल्ट ११.५ आणि १०.